फळ्यावरचं नाव

‘‘गाडीला अजून किती वेळ आहे?’’

एवढाच प्रश्न मी विचारला होता. २०२४ सालचा डिसेंबर महिना. पंढरपूरला एका कार्यक्रमात कविता वाचून मी एसटीनं कुर्डुवाडीला आलो होतो आणि पुण्याकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत फलाटावरच्या चहाच्या स्टॉलपाशी उभा होतो. गाडी उशिरा येणार हे सांगून झालं होतं. किती उशिरा, ते गोंगाटात मला ऐकू आलं नव्हतं. म्हणून चहावाल्याला विचारलं. त्यानं उत्तर देण्याआधीच माझ्याकडं पाठ करून उभा असलेला एक माणूस गर्रकन वळला. जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्या मिशा, हातात पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक जड वस्तू. माझ्या तोंडाकडं नीट बघायच्या आधीच तो म्हणाला, ‘‘मॉनिटर! आरं, मॉनिटरच की तू!’’

श्रोतेहो, गेल्या चाळीस वर्षांत मला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, शाळेत, नववी ‘ब’च्या वर्गात मी एक वर्ष मॉनिटर होतो. त्यानंतर दहावी झाली, बी.ए. झालो, नोकरी केली, चार कवितासंग्रह निघाले. मॉनिटर हे पद काही माझ्या परिचयपत्रात कुणी छापलेलं नाही. ज्या अर्थी हा माणूस मला मॉनिटर म्हणतो, त्या अर्थी तो त्या वर्गातला असणार, एवढं लक्षात आलं. पण कोण?

त्यानं चष्मा काढला, पुसला आणि त्या क्षणी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. आणि मला तो ओळखू आला. ते डोळे बारीक करणं मी ओळखलं. लगेच त्याचं नावही आठवलं. पण ते नाव मला उच्चारता येईना.

कारण आठवलं ते त्याचं खरं नाव नव्हतं. ते आम्ही मुलांनी ठेवलेलं नाव होतं, ‘मिचक्या’. छप्पन्न वर्षांच्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाला भर फलाटावर ‘काय रे मिचक्या’ म्हणायचं कसं? आणि खरं नाव काही केल्या आठवेना. त्याच्या वडिलांचा पानाचा ठेला आठवत होता, त्याच्या दप्तराची काथ्यानं शिवलेली कड आठवत होती, हजेरीत त्याचं आडनाव माझ्या आडनावाच्या बरंच आधी यायचं हेही आठवत होतं. नाव मात्र नाही.

असं तुमचंही झालं असेल. वर्गमित्र अवचित भेटतो आणि आपली फजिती होते. घरी आल्यावर मी या फजितीबद्दल जे काही वाचलं, ते आधी सांगतो. कारण वाचल्यावर माझी निम्मी शरम कमी झाली. उरलेल्या निम्म्याची गोष्ट मग सांगेन.

चेहरा लक्षात राहतो आणि नाव राहत नाही, ही तक्रार जगभरची आहे. हॅरी बॅहरिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक मोठा अभ्यास केला, तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या शाळांमध्ये दरवर्षी मुलांच्या फोटोंचं एक पुस्तक छापण्याची पद्धत आहे. बॅहरिक यांनी १७ ते ७४ वर्षं वयाची ३९२ माणसं गोळा केली. कुणी नुकतंच शाळेतून बाहेर पडलेलं, तर कुणाला शाळा सोडून पन्नासेक वर्षं झालेली. त्यांना अनोळखी मुलांच्या फोटोंत मिसळून त्यांच्याच वर्गातल्या मुलांचे फोटो दाखवले. शाळा सोडून सुमारे पस्तीस वर्षं झालेली माणसंसुद्धा शंभरातले जवळजवळ नव्वद चेहरे बरोबर ओळखत होती. पण फोटो दाखवून ‘याचं नाव आठवून सांगा’ म्हटल्यावर त्याच माणसांची गाडी अडत होती.

चेहरे इतके का टिकतात, याचं उत्तर सोपं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेलं आठवड्यात विसरतं. पण वर्गातला चेहरा आपण एका रात्रीत पाठ केलेला नसतो. वर्षानुवर्षं, रोज, पाच-सहा तास, मध्ये रविवारची आणि मे महिन्याची सुट्टी सोडून तो आपण पुन:पुन्हा बघितलेला असतो. थोडं शिकायचं, खंड पडू द्यायचा, परत शिकायचं, याहून पक्की घोकंपट्टी नाही. आणि ही घोकंपट्टी आपण करतोय हे आपल्याला माहीतही नसतं.

पण यात एक मेख आहे. त्या माणसांना दाखवले ते जुने फोटो होते, शाळेतल्या वयाचे. फलाटावर आपल्याला भेटतो तो फोटो नसतो. केस गेलेले, गाल भरलेले किंवा बसलेले, दात पडलेले. आपल्या डोक्यात पंधरा वर्षांचा मुलगा आणि समोर छप्पन्न वर्षांचा बाप्या. त्यामुळं आपली परीक्षा त्या ३९२ जणांपेक्षा अवघड असते. अशा वेळी आपल्याला वाचवतात त्या न बदलणाऱ्या गोष्टी: चालण्याची ढब, हसताना मान तिरकी करणं, डोळे बारीक करणं.

आता नावाचं बघू. १९८७ साली इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा सांगितला. काही शब्द असे निवडले की ते आडनावही असतील आणि धंदाही. आपल्याकडं हे समजायला फारच सोपं आहे. एका चेहऱ्याबद्दल सांगितलं, ‘हे सुतार’ म्हणजे आडनाव सुतार. दुसऱ्याबद्दल सांगितलं, ‘हे सुतार आहेत’ म्हणजे सुतारकाम करतात. शब्द तोच. पण नंतर विचारलं तर धंदा लोकांच्या लक्षात राहिला आणि आडनाव विसरलं. का? सुतारकाम म्हटलं की रंधा दिसतो, भुसा दिसतो, लाकडाचा वास येतो. आठवणीला धरायला दहा मुठी मिळतात. आडनाव नुसतं आडनाव असतं; त्याला मूठ नसते. माझं तेच झालं होतं. पानाच्या ठेल्याला कात-चुन्याचा वास होता, काथ्याच्या कडेला खरखरीतपणा होता. हजेरीतल्या नावाला काहीच नव्हतं. ‘मिचक्या’ला मात्र मूठ होती. त्याचे डोळेच त्या नावाला धरून होते.

आणि ते नाव जिभेच्या टोकावर येऊन अडतं, त्यालाही शास्त्रात जागा आहे. १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील या दोघांनी दाखवून दिलं, की शब्द आठवत नसतानाही माणसाला त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात किती अक्षरं आहेत हे बऱ्याचदा बरोबर सांगता येतं. म्हणजे नाव पुसलं गेलेलं नसतं. कपाटात असतं, किल्ली सापडत नसते.

कधी कधी तर उलटं होतं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण कुठला ते कळत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका बँकेच्या रांगेत माझ्यापुढं एक बाई उभ्या होत्या. कुठंतरी बघितलंय, पण कुठं? शेजारच्या सोसायटीत? दवाखान्यात? जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञानं १९८० साली यासाठी खाटकाचं उदाहरण दिलं होतं. रोजचा खाटीक बसमध्ये शेजारी येऊन बसला की ओळखीचा वाटतो आणि कोण ते कळत नाही. कारण त्याच्यामागं त्याचं दुकान नसतं. आपल्याकडं भाजीवाली मावशी पैठणी नेसून लग्नात दिसली की असंच होतं. ‘ओळखीचं वाटणं’ आणि ‘कोण ते आठवणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झटकन होतं, दुसऱ्याला जागेचा आधार लागतो.

त्या बाईंनीच मागं वळून विचारलं, ‘‘तुम्ही नववी ‘ब’चे ना?’’ त्या माझ्याच वर्गातल्या होत्या! आमच्या वेळी मुलींची रांग वेगळी. पाच वर्षं एका वर्गात बसून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आमचं पहिलं संभाषण पन्नाशीत, बँकेच्या रांगेत झालं. आणि त्यातही ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’, याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही.

हे झालं शास्त्र. आता परत कुर्डुवाडीच्या फलाटावर येऊ.

मी नुसता हसत उभा होतो. माझी अडचण त्यानं ओळखली. म्हणाला, ‘‘मिचक्या म्हण की. लाजतूस कशाला?’’

मी त्याला विचारलं, ‘‘तू तर माझं तोंडही बघितलं नव्हतंस. ओळखलंस कसं?’’

तो म्हणाला, ‘‘तुझ्या ‘ळ’वरनं.’’

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या घरात दखनी बोलली जायची. त्या बोलण्यात ‘ळ’ नव्हताच म्हटलं तरी चालेल. मराठी शाळेत गेलो तेव्हा माझ्या तोंडात ‘फळा’चा ‘फला’ व्हायचा, ‘शाळा’ची ‘शाला’ व्हायची आणि वर्ग हसायचा. मग मी हट्टानं तो ‘ळ’ घोटला. इतका, की आजही माझा ‘ळ’ इतरांपेक्षा जरा जास्तच वजनदार पडतो. आकाशवाणीच्या स्टुडिओत एकदा एका निवेदकानंही ते मला हसत हसत सांगितलं होतं. ‘किती वेळ आहे’ म्हणताना तो ‘ळ’ माझ्या तोंडून पडला आणि पाठमोऱ्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग ऐकू आला.

हेही शास्त्राला धरूनच आहे. मुलग्यांचा आवाज एकदा फुटला की पुढं म्हातारपणापर्यंत तो फारसा बदलत नाही. चेहऱ्यावर दर दहा वर्षांनी नवा थर चढतो. आवाजावर तसा चढत नाही. त्यात बोलण्याची गती, श्वास घेण्याच्या जागा, एखादं अक्षर उच्चारण्याची लकब यांची भर पडते. म्हणून तर वीस वर्षांनी फोन आला तरी ‘हॅलो’ म्हणताच आपण म्हणतो, ‘अरे, तू?’

पण त्यानं माझा आवाज इतका का धरून ठेवला, याचं कारण वेगळं होतं. आम्ही बाकावर बसलो. गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती. आणि त्या पन्नास मिनिटांत मला माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट नव्यानं कळली.

आधी माझ्या बाजूची गोष्ट सांगतो. १९८३-८४ साली नववीत मी मॉनिटर झालो. आमचे एक सर होते. ते फळा भरून लिहायचे आणि तास संपताना मॉनिटरनं वह्या बघायच्या, ज्यांनी फळ्यावरचं उतरवून घेतलेलं नाही त्यांची नावं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची, असा नियम होता. त्या कोपऱ्यातल्या नावांना छडी बसायची. मिचक्याची वही रोज कोरी असायची, नाहीतर त्यात दोन ओळी वाकड्यातिकड्या. मी रोज त्याचं नाव लिहायचो. सुरुवातीला वाईट वाटलं असेल; पुढं सवय झाली. खरं सांगायचं तर, पुढं पुढं मी त्याची वही न बघताच नाव लिहीत होतो. एप्रिल १९८४ मध्ये तो नापास झाला आणि त्यानं शाळा सोडली. जूनमध्ये दहावीच्या वर्गात तो नव्हता, आणि कुणी चौकशीही केली नाही.

ही गोष्ट मी विसरलो नव्हतो. चाळीशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी त्यांना इतर वयांच्या मानानं जास्त येतात, असं अभ्यासकांना दिसून आलेलं आहे. पहिल्यांदा केलेल्या गोष्टी त्या वयात असतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिली कविता. माझ्याकडं त्या यादीत हेही होतं: पहिल्यांदा हाती आलेली सत्ता आणि तिचा पहिला गैरवापर. एका कवितेत हे लिहायला मी दोनदा घेतलं होतं. ती पुरी झाली नाही.

म्हणून मी त्याला फलाटावर सांगून टाकलं. ‘‘नववीत फळ्यावर तुझं नाव मी लिहायचो. रोज.’’

तो मोठ्यानं हसला. म्हणाला, ‘‘आरं, मला ते नाव दिसायचंच न्हाई! सरांनी हाक मारली की कळायचं, आज बी हाय म्हणून.’’

मी गप्प झालो. त्याला फळाच दिसत नव्हता. आठवीपासून त्याला लांबचं सगळं धुरकट दिसायचं, आणि सगळ्यांना तसंच दिसत असेल असं त्याला वाटायचं. इतर मुलं हुशार आहेत म्हणून त्यांना धुक्यातूनही वाचता येतं, आपण ‘ढ’ आहोत, अशी त्यानं आपली समजूत घालून घेतली होती.

‘‘मग आठवीत कसा पास झालास?’’ मी विचारलं.

‘‘तुझ्यामुळं,’’ तो म्हणाला. ‘‘आठवीत तू माझ्या शेजारी बसायचास. फळ्यावरचं लिहिताना तू तोंडानं पुटपुटायचास. एकेक अक्षर. ते ऐकून मी लिहायचो. नववीत तू मॉनिटर झालास आन् पुढच्या बाकावर गेलास.’’

त्यानं हे कसल्याही तक्रारीनं सांगितलं नाही. पावसाळा लवकर संपला, असं सांगावं तसं सांगितलं. पण माझ्या पोटात खड्डा पडला. मी पुटपुटायचो ते त्याच्यासाठी नव्हतं. मी माझा ‘ळ’ घोटत होतो. मी एका मुलाचे डोळे झालो होतो, हे मला माहीत नव्हतं. नववीत मी जागा बदलली तेव्हा त्याचे डोळे काढून नेले, हेही मला माहीत नव्हतं. आणि मग वही कोरी दिसली म्हणून त्याचं नाव फळ्यावर लिहिणारा मीच.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मरणावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी लोकांना एका परक्या समाजातली लोककथा वाचायला दिली आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती परत सांगायला लावली. लोकांनी कथेतल्या न समजलेल्या गोष्टी गाळल्या, उरलेल्या आपल्या ओळखीच्या करून घेतल्या. मूळ कथेतल्या डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या. बार्टलेट यांचं म्हणणं असं, की आठवण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी आपण ती नव्यानं रचतो. मी नववी घट्ट धरून बसलो होतो आणि आठवी गाळून टाकली होती. कारण आठवीत माझ्या लेखी काही घडलंच नव्हतं. त्यानं आठवी जपली होती, आणि नववी त्याच्या लेखी नुसतं धुकं होतं. दोघांची गोष्ट खोटी नव्हती. पण दोघांकडं अर्धी अर्धी होती, आणि ती जुळायला कुर्डुवाडीला एक गाडी पन्नास मिनिटं उशिरा यावी लागली.

जुना वर्गमित्र भेटण्याचं मोल मला वाटतं ते यात आहे. आता दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेत, स्नेहमेळावे होतात, फेटे बांधून फोटो निघतात. ते चांगलंच आहे. पण मेळाव्याला जाताना आपण तयारीनं जातो. कोण कोण येणार हे माहीत असतं, सांगायचे किस्से ठरलेले असतात, आणि जे शाळा अर्धवट सोडून गेले ते बहुधा त्या ग्रुपमध्ये नसतातच. आमच्या ग्रुपमध्येही तो नव्हता, कारण तो ‘दहावीच्या बॅच’चा नव्हताच. तो अवचितच भेटायचा होता.

त्याचं पुढं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. शाळा सोडल्यावर तो मोटर रिवायंडिंगच्या दुकानात कामाला लागला. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की तिची तांब्याची तार काढून नवी भरायची. अगदी बारीक, डोळ्यांपाशी धरून करायचं काम. लांबचं न दिसणाऱ्याला जवळचं मात्र स्वच्छ दिसतं, म्हणून त्यात त्याचा हात बसला. एकविसाव्या वर्षी गावात नेत्रशिबिर भरलं, तिथं तो सहज गेला आणि त्याला चष्मा लागला. ‘‘रात्री आभाळात बघितलं,’’ तो म्हणाला, ‘‘तर चांदण्या टिंबाएवढ्या! मला वाटायचं चांदणी म्हंजी पुसट डाग असतोय.’’ दुसऱ्या दिवशी तो एसटी स्टँडवर जाऊन तासभर बसला. कुठं जायचं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी लांबूनच वाचायची, एवढ्यासाठी. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून तो दहावी पास झाला. आज त्याचं स्वत:चं दुकान आहे. पोत्याच्या तुकड्यातली ती जड वस्तू म्हणजे एका मोटरचा रोटर होता.

त्याच्या डोळ्यांतल्या दोषाला आपण लघुदृष्टी म्हणतो. बहुतेक वेळा बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतचा डोळा गरजेपेक्षा लांब झालेला असतो. लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडंच पडते, आणि सगळं पुसट दिसतं. अंतर्वक्र भिंगाचा साधा चष्मा लावला की प्रतिमा जागेवर येते. हा दोष बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो. आणि असं मूल काय करतं? डोळे बारीक करतं. पापण्यांच्या फटीतून उजेड कमी आत येतो आणि थोडं स्पष्ट दिसतं. इंग्रजीत या दोषाला ‘मायोपिया’ म्हणतात. तो शब्द ग्रीक भाषेतून आला आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘डोळे मिटणे’ हाच अर्थ आहे. म्हणजे बघा, जे नाव ग्रीकांनी त्या दोषाला ठेवलं, तेच आम्ही चौदा वर्षांच्या पोरांनी त्याला ठेवलं होतं. मिचक्या! रोगाचं निदान आम्ही बरोबर केलं होतं. फक्त ते निदान आहे हे कळलं नाही, म्हणून आम्ही त्याला हसलो.

हेरमान स्नेलेन या डच डॉक्टरनं लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता १८६२ सालीच तयार केला होता. सहा मीटरवर उभं करून तो तक्ता वाचायला लावायला दोन मिनिटं पुरतात. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची तपासणी होते, त्यात नजरही बघतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या राज्यात पालघरलाच सुरू झाला. पण तपासणी रोज होत नाही. शेजारचं मूल मात्र रोज शेजारी असतं. वर्गात एखादं मूल डोळे बारीक करत असेल, वहीवर नाक टेकवून लिहीत असेल, फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, तर त्याचं नाव फळ्यावर लिहू नका. त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि घरच्यांना निरोप धाडा.

आणि वर्गमित्र अवचित भेटला तर? एक साधी विनंती. ‘ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’ असं विचारू नका. तो प्रश्न प्रेमाचा असला तरी समोरच्याच्या हातात कोरी उत्तरपत्रिका देतो. आपणच आधी आपलं नाव सांगावं, तुकडी सांगावी, बाक सांगावा. नावाला मूठ लावून द्यावी. मग समोरचा आपोआप बोलायला लागतो. आणि तो बोलू लागला की आपले किस्से थोडे बाजूला ठेवून त्याची आठवी ऐकून घ्यावी.

गाडी आली तेव्हा मी त्याला विचारलं, ‘‘हे सगळं रेडिओवर सांगू का?’’ तो म्हणाला, ‘‘सांग. पर नाव घेऊ नको. मिचक्या म्हण, मला कळंल.’’ म्हणून मी त्याचं नाव घेतलेलं नाही. ते त्यानं निघताना स्वत:च सांगितलं, आणि आता मी ते विसरणार नाही.

पुण्याला आल्यावर मी ग्रुपवर विचारलं, नववीचा फोटो कुणाकडं आहे का. एकानं पाठवला. २६ जानेवारी १९८४ चा, शाळेच्या पायऱ्यांवर काढलेला. मी पुढच्या रांगेत, छातीवर मॉनिटरचा बिल्ला. तो सगळ्यात मागं, कडेला, डोळे बारीक केलेले. त्या वेळी हा फोटो बघून आम्ही हसलो होतो. उन्हामुळं असेल, असंही कुणीतरी म्हणालं होतं. आता बघताना कळतं, बाकी सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. तो एकटाच कॅमेरा कुठं आहे ते शोधत होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)